'इंडियन्स'नी आर्मीला हरवलं : कार्लाइलचा १९१२चा हंगाम वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. पिट्सबर्गमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे. जुनी वर्तमानपत्रं चाळताना त्याला नोव्हेंबर १९१२ची बातमी दिसली : 'इंडियन्स'नी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला, म्हणजे 'आर्मी'च्या टीमला, अमेरिकन फुटबॉलमध्ये २७–६ असं हरवलं. क्षणभर त्याला वाटलं, आपलीच कुणी मंडळी! मग कळलं की ही पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची टीम. आता तो आकड्यांत अडकलाय. टीमचा स्टार जिम थॉर्प याचे टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) कुठे २५ दिलेत, कुठे २७. विजयांची संख्याही सगळीकडे जुळत नाही. थॉर्पनं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरचा गुडघा मोडून त्याचं फुटबॉल संपवलं, असंही वाचायला मिळतंय. शेवटी तो विचारतो, "ही त्या वर्षीची अमेरिकेतली सर्वांत भारी कॉलेज टीम होती, असं बिनधास्त लिहू का?"

बिनधास्त लिहू नका. पण लेख सोडूनही देऊ नका, विषय फार चांगला आहे.

मी बावीस हंगाम इथे शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतोय. शुक्रवारची रात्र मैदानावर जाते, आणि उरलेल्या वेळात जुनी नियमपुस्तकं व जुन्या सामन्यांचे वृत्तांत समोर ठेवून गुण जुळवत बसायचा छंद आहे. बायको त्याला 'मेलेल्यांच्या मॅचचं अंपायरिंग' म्हणते. कार्लाइल माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे या टीमशी जरा जास्तच लगट.

तुम्ही विचारलंय आकड्यांबद्दल. खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही १९१२चा हंगाम आजच्या चौकटीत वाचताय : एक लीग, ठरलेलं वेळापत्रक, अधिकृत नोंदवही, शेवटी एक विजेता. त्या काळी यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे आधी नियम काय होते ते बघायचं, मग कुणाशी कुठे आणि किती दिवसांच्या अंतरानं खेळले ते बघायचं, आणि स्कोअर सगळ्यात शेवटी. माझा तरी क्रम असा आहे.

पण त्याआधी 'इंडियन' आणि 'कॉलेज' हे दोन शब्द. इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूलनिवासी, हे तुम्हाला कळलंच आहे. लेखात 'रेड इंडियन' लिहू नका. आपल्या लहानपणी पुस्तकांत सर्रास असायचं, आता तो शब्द अपमानास्पद मानतात. शक्य असेल तिथे जमातीचं नाव द्या : थॉर्प हा ओक्लाहोमातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा, क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, गस वेल्श विस्कॉन्सिनचा ओजिब्वे, जो गायनही ओजिब्वेच, पण मिनेसोटाचा.

आणि कार्लाइल हे कॉलेज नव्हतं. रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८७९मध्ये जुन्या बराकींत सुरू केलेली ती सरकारी निवासी शाळा होती. देशभरातल्या जमातींतून मुलं आणायची, आल्या आल्या केस कापायचे, गणवेश चढवायचा, मातृभाषा बोलायला बंदी, अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिवण, लोहारकाम असलं काही. सुट्टीत घरी पाठवण्याऐवजी गोऱ्या कुटुंबांच्या शेतावर किंवा घरकामाला पाठवायचे. मुलातला 'इंडियन' मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे प्रॅटचं जाहीर धोरण होतं. आपल्याकडचे वाचक हे वाचून लगेच आश्रमशाळा डोळ्यांपुढे आणतील. ती तुलना टाळा असं मी सांगेन. आश्रमशाळेत उणिवा कितीही असोत, मुलाची भाषा पुसून टाकणं हा तिचा उद्देश नसतो.

तुमच्या प्रश्नात मोहन बागान या कलकत्त्याच्या फुटबॉल (सॉकर) क्लबचाही उल्लेख होता. १९११मध्ये अनवाणी खेळून त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१नं हरवून आयएफए शील्ड घेतली, तसंच हे का? साम्य मोहात पाडणारं आहे, मान्य. पण मोहन बागानचे खेळाडू सामना जिंकून आपापल्या घरी गेले. कार्लाइलची मुलं जिंकून बराकीत परतली, आणि तिकिटांचे पैसे दुसऱ्याच्या ताब्यात गेले. हा फरक लेखात आला पाहिजे.

मग अशा शाळेची टीम हार्वर्ड, सिराक्यूज, पेनसिल्वेनिया विद्यापीठ यांच्याशी कशी खेळायची? कारण तेव्हा कुणी कुणाशी खेळावं हे दोन शाळांचे मॅनेजर पत्र लिहून ठरवत. प्रेक्षक येणार असतील तर सामना व्हायचा. खेळाडू कोणत्या वर्गात आहे, किती वर्षं खेळतोय, याकडे प्रत्येकजण आपल्या सोयीनं बघायचा. थॉर्प १९०४मध्ये कार्लाइलला आला आणि १९१२च्या हंगामात पंचविशीचा होता. आजच्या अर्थानं तो 'कॉलेज विद्यार्थी' नव्हता. पण समोरच्या संघांतली सगळी पोरं तरी कुठे तशी होती? कार्लाइलचे सामने आज कॉलेज फुटबॉलच्याच इतिहासात मोजले जातात, तेव्हा तुम्ही 'कॉलेज दर्जाची टीम' असं लिहिलंत तर कुणी हरकत घेणार नाही.

आता नियम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लेख इथेच घसरतात.

१९१२ हे अमेरिकन फुटबॉलमध्ये फार विचित्र वर्ष आहे. त्या एका वर्षात खेळाचं माप बदललं. मैदान ११० यार्डांचं होतं, ते १०० झालं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन, म्हणजे गोलरेषेपलीकडचा पट्टा, आला. टचडाउनचे गुण ५ होते, ते ६ झाले. दहा यार्ड पुढे सरकायला तीन डाउन, म्हणजे तीन प्रयत्न मिळायचे, ते चार झाले. वीस यार्डांपेक्षा लांब पास फेकायला मनाई होती, ती उठली. गोलरेषेपलीकडे झेललेला पास आधी वाया जायचा, तो आता टचडाउन ठरू लागला. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, मैदानाच्या मध्यावरून व्हायचा, तो आपल्याच चाळीस यार्डांच्या रेषेवर मागे आला. चेंडूही थोडा सडपातळ झाला.

यातला चौथा डाउन सगळ्यात मोठा. पंच म्हणून सांगतो, मैदानावर दहा यार्ड मोजायची साखळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. तीन डाउनमध्ये दोन फसले की तिसऱ्याला पाय चेंडूकडेच जायचा, पंट मारून, म्हणजे चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्याच्या हवाली करून, मोकळं व्हायचं. चार डाउन असले की तिसऱ्यावरही चेंडू घेऊन पळायची हिंमत होते. ज्या टीमकडे रेटून पळणारा माणूस आहे तिला हे वरदानच. कार्लाइलकडे तर थॉर्प होता.

म्हणून त्या हंगामातले कार्लाइलचे ५०४ गुण बघून "बाप रे!" म्हणण्याआधी थांबा. एवढ्या गुणांत टचडाउन साठ-सत्तरच्या घरात असणार. म्हणजे आदल्या वर्षीच्या नियमानं फक्त टचडाउनच्या हिशेबातच साठ-सत्तर गुण कमी झाले असते. चौथा डाउन आणि दहा यार्डांनी आखूड झालेलं मैदान यांचा फायदा वेगळाच. क्रिकेटमध्ये आपण हे सहज समजून घेतो. १९८३च्या विश्वचषक फायनलमधल्या आपल्या १८३ धावा आजच्या पन्नास षटकांच्या हिशेबानं कुणी तोलत नाही, तो सामना साठ षटकांचा होता. इथेही तेच.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा मी कार्लाइलचे दोन हंगाम एकाच तक्त्यात मांडले, तेव्हा १९११चा हार्वर्डविरुद्धचा सामना काही केल्या जुळेना. निकाल १८–१५. थॉर्पनं घोट्याला पट्टी बांधून चार फील्ड गोल मारले (लाथेनं चेंडू गोलखांबांमधून पाठवला की तीन गुण), म्हणजे बारा गुण. एक टचडाउन आणि त्यानंतरची एका गुणाची किक. मी सहा आणि एक सात धरून एकोणीस काढत होतो, आणि वर्तमानपत्रवाल्यानं चूक केली म्हणून त्याला मनात शिव्या देत होतो. चूक माझी होती. १९११मध्ये टचडाउन पाचचा. बारा, पाच आणि एक, अठरा. त्या दिवसापासून आधी नियमपुस्तक, मग पेन्सिल.

नियम झाले, आता वेळापत्रक. १९१२चा हंगाम २१ सप्टेंबरला अल्ब्राइटविरुद्ध सुरू झाला (५०–७), आणि २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउनविरुद्ध संपला (३२–०). दहा आठवड्यांत चौदा सामने. आजचं कॉलेज आठवड्याला एक सामना खेळतं आणि तरी प्रशिक्षक थकव्याच्या तक्रारी करतात. कार्लाइलनं पहिल्या पंधरा दिवसांतच पाच सामने उरकले : अल्ब्राइट, लेबनन व्हॅली (४५–०), गावातलंच डिकिन्सन (३४–०), व्हिलानोव्हा (६५–०), आणि पाचवा वॉशिंग्टन अँड जेफरसन, तो ०–० असा सुटला. हा बरोबरीचा सामना लोक थॉर्पच्या एका वाईट दिवसावर ढकलतात. मला त्यात पंधरा दिवसांतला पाचवा सामना दिसतो. तेव्हा तीच अकरा पोरं आक्रमणातही असायची आणि बचावातही. बाहेर काढलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे, त्यामुळे दम खायला बसवणंही सोपं नव्हतं.

पुढे सिराक्यूजला ३३–०. आदल्या वर्षी कार्लाइल ज्या एकाच सामन्यात हरलं होतं, तो याच सिराक्यूजशी, आणि तोही १२–११ असा एका गुणानं, तेव्हा या ३३–०ची चव त्यांना काय लागली असेल! मग पिट्सबर्ग ४५–८. तुमच्याच गावची टीम, ते लेखात हवंच. जॉर्जटाउन ३४–२०. आणि मग माझा या हंगामातला सगळ्यात लाडका आकडा : टोरांटोत ४९–१.

तो 'एक' बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या संघाच्या नावावर सामनाभर फक्त एक गुण, असं बघायला मिळत नाही. कॅनडाच्या खेळात मिळतं. चेंडू किक करून गोलरेषेपलीकडे गेला आणि समोरच्याला तो तिथून बाहेर आणता आला नाही, तर एक गुण, त्याला ते 'रूज' म्हणतात. म्हणजे स्कोअरमधला तो एकटा एकच सांगतो की इथे निदान काही वेळ तरी कॅनडाचे नियम लागू होते. तुमची विजयांची संख्या जुळत नाही त्याचं कारणही बहुधा हेच. हा सामना धरला तर १२ विजय, १ पराभव, १ बरोबरी, आणि गुण ५०४ विरुद्ध ११४. दुसऱ्याच नियमांचा प्रदर्शनी सामना म्हणून सोडला तर ११ विजय आणि ४५५ विरुद्ध ११३. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. काय मोजलं ते लिहिलं की झालं. मी धरतो, कारण त्या पोरांचे पाय त्या सामन्यातही दमले होते : शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन, सोमवारी टोरांटो, पुढच्या शनिवारी लीहाय (३४–१४). आठ दिवसांत तीन सामने, आणि मधला प्रवास आगगाडीचा.

एवढी वणवण कशासाठी? पैशासाठी. कार्लाइलच्या घरच्या मैदानावर मोठी गर्दी जमणार नव्हती. मोठ्या शहरांत 'इंडियन्स' बघायला लोक तिकीट काढून यायचे, आणि त्यात खेळाच्या ओढीइतकाच तमाशा बघायचा भागही होता. बातम्यांचे मथळे वाचाल तर टोमाहॉक (मूलनिवाशांची कुऱ्हाड), डोक्याची कातडी सोलणं, 'वॉरपाथ' (लढाईची वाट) याशिवाय त्यांना दुसरी उपमाच सुचत नाही.

थॉर्पच्या आकड्यांचं कोडं त्यामानानं साधं आहे. बरीच वर्षं २५ टचडाउन आणि १९८ गुण हा आकडा छापला जात होता. नंतर एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेसाठी जुने आकडे तपासणाऱ्या एका संशोधकानं सामन्यागणिक वृत्तांत जुळवले, त्यातून २७ टचडाउन आणि २२४ गुण निघाले. त्याच मोजणीत १९१ वेळा चेंडू घेऊन धावून १,८६९ यार्ड आहेत, म्हणजे दर धावेमागे जवळजवळ पावणेदहा यार्ड. आणि चौदापैकी दोन सामन्यांच्या पूर्ण नोंदी मिळत नाहीत, त्यामुळे ते दोन या यार्डांत नाहीतच.

असा फरक का पडतो, ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्या वेळी जर्सीवर नंबर नसायचे. बाजूला उभा असलेला बातमीदार चिखलात माखलेल्या बावीस जणांतून कुणी चेंडू नेला ते अंदाजानं लिहायचा. तीन वर्तमानपत्रं, तीन नावं. आजही दिवे, नंबर, लाउडस्पीकर सगळं असताना स्थानिक पेपरात चुकीच्या पोराच्या नावावर टचडाउन गेलेला मी पाहिलाय, आणि मग त्या पोराच्या आईचा पेपरच्या कचेरीत फोन. म्हणून नियम असा ठेवा : टीमचा एकूण स्कोअर बराचसा विश्वासार्ह, खेळाडूच्या नावावरचा आकडा त्याहून कमी, आणि यार्ड सगळ्यात कमी. लेखात दोन्ही आकडे द्या आणि कुठला कुठून आला ते एका वाक्यात सांगा.

आता तो आर्मीचा सामना, ९ नोव्हेंबर १९१२. तुमच्या लेखाचा गाभा हाच असणार.

पहिली गोष्ट, थॉर्पनं त्या दिवशी एकही टचडाउन केला नाही. चकित व्हाल, कारण सगळे लेख त्याच्याच नावानं सजलेले असतात. चार टचडाउनपैकी तीन अ‍ॅलेक्स आर्कासाचे, एक सेंटर जो बर्गीचा. चोवीस झाले. थॉर्पनं त्यावरच्या तीन किक मारल्या, सत्तावीस. त्याची एक लांबलचक धाव पेनल्टीमुळे रद्द झाली. पण आर्मीचं सगळं लक्ष थॉर्पवर होतं, आणि आर्कासाला वाट मोकळी झाली ती त्यामुळेच. स्कोअरकार्डात न दिसणारा हा उपयोग आपल्याकडच्या कबड्डीवाल्याला चटकन कळेल. सगळी साखळी एकाच चढाईपटूवर डोळे लावून बसली की दुसऱ्याचा बोनस सुटतो.

प्रशिक्षक पॉप वॉर्नरनं त्या दिवशी जी मांडणी लावली, तिला पुढे डबल विंग म्हणू लागले. दोन्ही बाजूंच्या टोकांजवळ एकेक धावपटू उभा, त्यामुळे चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, की पास होणार, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. आर्मीची पोरं अंगापिंडानं दांडगी, कार्लाइलची हलकी आणि चपळ. आर्मीनं आधी खातं उघडलं, पण त्यावरची किक चुकली. मध्यंतराला कार्लाइल ७–६ असं जेमतेम पुढे होतं. त्यानंतर आर्मीला एकही गुण मिळाला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात आर्मीचा कॅप्टन लेलँड डेव्हॉर याला मैदानाबाहेर काढलं गेलं. गायननं त्याला दिवसभर जेरीस आणलं होतं, शेवटी त्याचा तोल गेला आणि त्यानं गायनला मारलं. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर, वेस्ट पॉइंटच्या प्रेक्षकांसमोर, वेस्ट पॉइंटच्याच कॅप्टनला बाहेर काढणाऱ्या त्या पंचाला माझा सलाम. मी एकदा यजमान शाळेच्या लाडक्या पोराला बाहेर काढलं होतं, त्या रात्री गाडीपर्यंत पोचेस्तोवर घाम फुटला होता. समोर जेमतेम चारशे माणसं होती.

आयझेनहॉवर. होय, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर त्या दिवशी आर्मीकडून खेळला. तो आणि त्याचा एक साथीदार थॉर्पला दोन्हीकडून दाबून बाद करायला धावले आणि एकमेकांवरच आदळले, मग त्याला बाहेर यावं लागलं. पण त्याचा गुडघा गेला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्सविरुद्ध. नंतर घोडेस्वारीच्या सरावात तो आणखी दुखावला आणि फुटबॉल संपलं. 'थॉर्पनं आयझेनहॉवरला संपवलं' ही कथा गोड आहे, म्हणूनच टिकली. तुमच्या लेखात नको.

तसंच ते भाषण. सामन्याआधी वॉर्नरनं मुलांना आठवण करून दिली म्हणे, की तुमच्या बापजाद्यांना यांच्याच बापजाद्यांनी मारलं. वूंडेड नीला अमेरिकी लष्करानं केलेलं मूलनिवाशांचं हत्याकांड डिसेंबर १८९०चं, म्हणजे त्या दिवशी त्याला जेमतेम बावीस वर्षं होत होती. भाषणाचे शब्द नंतरच्या आठवणींतून आलेत, त्यामुळे ते अवतरणचिन्हांत घालू नका. बावीस वर्षांचा हिशेब मात्र जरूर घाला. मैदानावरच्या पोरांना तो कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढचा आठवडा विसरू नका. आर्मीला लोळवणारी हीच टीम पेनसिल्वेनिया विद्यापीठाकडून ३४–२६ हरली. थॉर्पच्या डोक्यावरून गेलेला एक पास महागात पडला. त्याच्या नंतरच्या आठवड्यात स्प्रिंगफिल्डशी ३०–२४, आणि त्यातले तीसच्या तीस गुण थॉर्पचे : चार टचडाउन, एक फील्ड गोल, तीन किक. हिशेब करून बघा, चोवीस, तीन आणि तीन. हा सामना मला आर्मीपेक्षा जास्त बोलका वाटतो. दमलेली टीम, घसरलेला बचाव, आणि एक माणूस सगळं ओढतोय.

मग 'सर्वांत भारी टीम' म्हणायचं का? ते तुम्ही कशाला भारी म्हणता त्यावर आहे. त्या वर्षी हार्वर्ड नऊपैकी नऊ जिंकलं, पेन स्टेट आणि विस्कॉन्सिनही अपराजित राहिले. अधिकृत विजेता ठरवणारं कुणी नव्हतं, जे किताब दिसतात ते बहुतेक नंतर मागे वळून दिलेले आहेत. न हरणं हा निकष असेल तर कार्लाइल बसत नाही. पण हार्वर्डनं आपल्या वेळापत्रकानं, बहुतेक आपल्याच मैदानावर, भरपूर राखीव खेळाडू हाताशी ठेवून नऊ सामने खेळले. कार्लाइलनं चौदा, त्यातले बहुतेक परक्या गावात. माझं मत विचाराल तर एका शनिवारी हार्वर्डवर पैसे लावीन. दहा आठवड्यांचा तो प्रवास झेलायचा असेल तर कार्लाइलवर.

पैशांचा विषय काढलाच आहे तर शेवटपर्यंत नेऊ. तिकिटांचं उत्पन्न शाळेच्या क्रीडा निधीत जायचं आणि त्यावर वॉर्नरचा वचक होता. विद्यार्थ्यांनीच तक्रार केली, गस वेल्श त्यात पुढे होता. १९१४मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं चौकशी केली, आणि ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आर्मीला हरवलं त्याच्याविरुद्ध वेल्शनं साक्ष दिली. शाळेच्या प्रमुखाला जावं लागलं. वॉर्नर त्या हंगामानंतर तुमच्या पिट्सबर्गला प्रशिक्षक म्हणून गेला. १९१८मध्ये शाळाच बंद झाली आणि बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या.

थॉर्पचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण एक बाजू सहसा कुणी बघत नाही. १९१२च्या उन्हाळ्यात त्यानं स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली, आणि सप्टेंबरमध्ये तो कार्लाइलच्या मैदानावर होता. जानेवारी १९१३मध्ये बातमी फुटली की त्यानं १९०९ आणि १९१०मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळलं होतं. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, म्हणून पदकं काढून घेतली गेली. १९८२मध्ये त्याची पदकं मान्य झाली तीही संयुक्त विजेता म्हणून, एकटा विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडावं लागलं, तोवर त्याला जाऊन जवळपास सत्तर वर्षं झाली होती. आता माझ्यातला पंच विचारतो : त्याच न्यायानं फुटबॉलचा हा सगळा हंगामही रद्द व्हायला हवा होता ना? झाला नाही, कारण रद्द करू शकेल असं कुणी नव्हतंच. पदकं परत मागायला समिती होती. टचडाउन कुणी मागायला आलं नाही, आणि म्हणून ते २५ की २७, यावर आपण आज वाद घालू शकतोय.

लेख लिहायला बसण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. त्या बराकींत आता आर्मी वॉर कॉलेज आहे, आत शिरताना ओळखपत्र दाखवावं लागतं. जुनं मैदान अजून आहे. शाळेत असताना वारलेल्या मुलांची दफनभूमीही आहे, पांढऱ्या लहान शिळांच्या रांगा. २०१७पासून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत नेले जाताहेत, त्यामुळे गेल्या खेपेला पाहिलेली एखादी शिळा पुढच्या खेपेला तिथे असेलच असं नाही. येणार असाल तर आधी कळवा, मी बरोबर येईन. शुक्रवार सोडून कुठलाही वार चालेल.